पोकळ टेबलाला स्क्रू कुठे धरतो?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, मागच्या वेळी कांट होता आणि आता एकदम टेबल?" मी म्हटलं, या तर खरं. टेबल हे तत्त्वज्ञानाच्या वर्गातलं सगळ्यात जास्त राबवून घेतलेलं उदाहरण आहे. 'हे टेबल खरोखर आहे का' असं विचारून पिढ्यान् पिढ्या प्राध्यापकांनी पगार घेतले, मीही घेतला. पण त्या टेबलात स्क्रू कसा बसवायचा, हे आम्ही कुणी कधी शिकवलं नाही. आज ते करू.

आमच्या वाकडमध्ये भूमकर चौकापासून कस्पटे वस्तीपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा. लिफ्टजवळ चपटी खोकी उभी असतात. त्यात सुटं फर्निचर असतं, घरी आणायचं आणि जोडायचं. २०२० मध्ये हिंजवडीची ऑफिसं घरात आली, आणि प्रत्येक घराला एक टेबल लागलं. त्यातली पुष्कळशी टेबलं एकशेवीस बाय साठ सेंटिमीटरची, तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीची आणि उचलायला आश्चर्य वाटावं इतकी हलकी आहेत. एका हाताने उचलता येतात. इथेच खरं तर शंका यायला हवी. एवढ्याच मापाची, ३४ मिलिमीटर जाडीची भरीव पार्टिकल बोर्डाची फळी घेतली, तर तिचं वजन सोळा-सतरा किलो भरेल. ही भरते जेमतेम सात. मग उरलेले दहा किलो गेले कुठे?

तर ते कधी नव्हतेच. या फळीला वर एक पापुद्रा असतो, खाली एक पापुद्रा, प्रत्येकी साधारण तीन मिलिमीटर जाडीचा, दाबून केलेल्या लाकडी लगद्याचा. कडेने चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पार्टिकल बोर्डाची चौकट. पाय बसवायच्या जागी आत ठोकळे. आणि मधल्या सगळ्या मैदानात कागद. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदाची घरं, उभी करून दोन्ही पापुद्र्यांना चिकटवलेली. चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग पॅक होताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा कागद ओळखीचा वाटेल, त्याच जातीचा माल आहे.

ही फसवणूक आहे, असं पुष्कळांना वाटतं. माझं मत तसं नाही. ही युक्ती फार सुंदर आहे आणि आधी ती नीट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल.

फळीवर मधोमध वजन ठेवलं की ती खाली वाकायला बघते. वाकताना वरचा पापुद्रा आखडतो, खालचा ताणला जातो. मधला भाग फारसा आखडतही नाही आणि ताणलाही जात नाही. मग मधल्या भागाचं काम काय? दोन पापुद्र्यांमधलं अंतर राखायचं आणि त्यांना एकमेकांवर सरकू द्यायचं नाही. एवढंच काम असेल तर तिथे भरीव लाकूड कशाला घालायचं? लोखंडी आय गर्डर बघा. वर पट्टी, खाली पट्टी, मध्ये पातळ उभा पत्रा. तोच हिशेब आहे. गणित करून बघितलं तर गंमत येते. तेच दोन तीन-तीन मिलिमीटरचे पापुद्रे एकमेकांना घट्ट चिकटवून सहा मिलिमीटरचा तक्ता केला, आणि तेच दोन पापुद्रे मध्ये २८ मिलिमीटर अंतर ठेवून उभे केले, तर दुसऱ्याचा ताठपणा पहिल्याच्या जवळजवळ ऐंशीपट भरतो. गाभा अजिबात हलत नाही असं धरून केलेला हा हिशेब आहे, प्रत्यक्षात थोडा कमी भरेल. पण माल तोच, वजन तेच, आणि ऐंशीपट! दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो नावाचं ब्रिटिश विमान लाकडाचं होतं. त्याच्या अंगाला आतबाहेर बर्चचा पातळ प्लाय आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड. १९४० साली ते उडालं. आयकियाचं 'लॅक' नावाचं छोटं टेबलही याच घराण्यातलं, आणि त्यांनी ती पद्धत उचलली ती दारं बनवणाऱ्यांकडून.

दारांकडे परत येतो. आधी अडचण बघू.

माझ्या शेजारी एक मुलगी राहते, हिंजवडीत नोकरी करते, भाड्याने राहते. तिने अशा टेबलाला मागच्या कडेला मॉनिटरचा आर्म लावला, तो शिकंज्यासारखा आवळायचा असतो तसला. तीन आठवड्यांनी मॉनिटर हळूहळू पुढे कलायला लागला. एक दिवस कीबोर्डवर आडवा झाला. बघितलं तर आर्मच्या पट्टीची पुढची कड टेबलात बोटभर रुतलेली. सोसायटीत काम करणारा सुतार मिस्त्री राजस्थानचा आहे, हुशार माणूस. त्याने बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "अंदर कुछ है ही नहीं, अंकल. फेंक दो, प्लाय का बना देता हूँ." मुलगी म्हणाली, "काका, माझं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट असतं. दरवर्षी घर बदलते. प्लायचं टेबल चार मजले कोण चढवणार? हलकं आहे म्हणूनच तर घेतलं." शिवाय तिचे वडील गावाहून येतात. त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, ते उठताना याच टेबलावर हात टेकतात. ते टेबल आता विश्वासाचं आहे का, हा तिचा खरा प्रश्न होता.

मला दोघांचंही म्हणणं बरोबर वाटलं. फक्त मिस्त्रीचं एक वाक्य खटकलं. आत 'काहीच नाही' असं नाही. आत जे आहे ते एका कामासाठी आहे, आणि आपण त्याच्याकडे दुसरंच काम मागतोय.

इथे मला थोडं माझ्या विषयात शिरू द्या, पाच मिनिटं. आपल्याकडे नैयायिक आणि बौद्ध यांच्यात एक फार जुना वाद आहे. अवयवांपासून बनलेली वस्तू, म्हणजे अवयवी, ही अवयवांहून वेगळी, स्वतंत्र अशी काही चीज आहे का? बौद्ध म्हणतात, नाही. घट म्हणजे कणांचा ढीग, आपण त्याला एक नाव देतो इतकंच. नैयायिक म्हणतात, आहे. आणि न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमांनी जे पुरावे दिलेत, त्यातला एक अगदी सुताराच्या तोंडी शोभावा असा आहे: धारण आणि आकर्षण. वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. वाळूचा ढीग तसा ओढता येत नाही. म्हणजे वस्तू ही ढिगापेक्षा काहीतरी जास्त आहे.

त्यावर वात्स्यायनांच्या भाष्यात शंका येते, आणि ती मला नेहमीच भारी वाटत आली आहे. गवत, दगड, लाकूड हे लाखेने एकत्र चिकटवले, तरी एक ओढल्यावर सगळे येतातच की! मग तिथे नवी वस्तू तयार झाली असं म्हणाल का? का ही नुसती चिकटपणाची करामत आहे?

आता आपलं टेबल बघा. गवताच्या जागी कागद, लाखेच्या जागी गोंद. भाष्यकारांचं उदाहरणच जणू खोक्यात भरून घरपोच आलंय. त्याच्या पापुद्र्यात तुम्ही स्क्रू पिळला आणि ओढलात. सगळं टेबल येईल, का फक्त पापुद्र्याचा रुपयाएवढा तुकडा हातात येईल? येईल तुकडाच. आपण स्क्रू टेबलाला लावला असं म्हणतो, पण तो लागलेला असतो एका अवयवाला. अवयवी आपल्या हाताला लागलेलाच नसतो. हार्डवेअर लावणं म्हणजे ओढ एका बिंदूवरून सगळ्या वस्तूत पोचवण्याची सोय करणं. ती सोय भरीव लाकडात आपोआप होते, म्हणून तिचा विचार करावा लागत नाही. पोकळ फळीत ती आपल्याला करावी लागते.

आता आकडे. स्क्रू धरतो तो त्याच्या आट्यांनी. चार मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डाच्या स्क्रूला तीन मिलिमीटरच्या पापुद्र्यात जेमतेम दीड-दोन आटे मिळतात. पुढे सगळी हवा. दीड आट्यावर हेडफोन टांगता येईल, मॉनिटर नाही. आणि मॉनिटरचं प्रकरण नुसत्या वजनाचं नसतं, ते तरफेचं असतं. पाच किलोचा मॉनिटर पकडीपासून पुढे पंचेचाळीस सेंटिमीटरवर आला आणि पकडीची खोली साडेसात सेंटिमीटर धरली, तर पट्टीच्या पुढच्या कडेवर तीस किलोचा दाब येतो, आणि तो एका रेषेवर. चौकट चार-पाच सेंटिमीटरची, पट्टी तिच्या पुढे जाते, म्हणजे ती रेषा नेमकी पोकळीवर. टेबल सबंध अंगावर पन्नास किलो पसरून सहज घेईल, पण एका रेषेवर तीस किलो नाही घेणार. पोळ्याच्या कागदाचं हेच आहे: ओझं पसरलेलं असेल तर मजबूत, टोचलं की गेलं.

हेच खोवणीचं. कडेला स्क्रूने आवळायची, दांडा फिरवायची ती नारळाची खोवणी कुणी या टेबलाला लावू नये. फिरवताना प्रत्येक वळणाला पकड वर-खाली रेटली जाते. ओट्याचा ग्रॅनाइट ते सोसतो, हा कागद सोसणार नाही.

आपले घरगुती उपाय इथे का हरतात तेही पाहून घ्या. स्क्रूचं भोक सैल झालं की जुने लोक फेविकॉलमध्ये आगकाडी बुडवून भोकात खुपसतात आणि वर स्क्रू पिळतात. भरीव लाकडात हा उपाय उत्तम चालतो. काडी लाकूड आणि स्क्रू यांच्या मध्ये चेपली जाते, म्हणून. पोकळ फळीत काडी आत पडते आणि टेबल हलवलं की खुळखुळ्यासारखी वाजते. प्लॅस्टिकची गिट्टीही तशीच. ती फुगते आणि आजूबाजूच्या विटेवर दाबून बसते. आजूबाजूला वीटच नसेल तर ती कुणावर दाबणार?

मग करायचं काय? पहिलं काम, आत कुठे काय आहे ते शोधा. माठ घेताना वाजवून बघतो तसं बोटाच्या पेराने ठोकत जा. कडेला आवाज बसका, मध्ये ढबढब. पेन्सिलने खालच्या बाजूने सीमा आखा. खात्री नसेल तर खालून दोन मिलिमीटरच्या बिटाने एक बारीक भोक पाडून बघा. भुसा येत राहिला तर चौकट, बिट एकदम आत धसलं तर पोकळी. हे सगळं खालून, वरून नाही.

चौकटीत किंवा ठोकळ्यात बसत असेल तर तिथेच बसवा आणि विषय संपवा. भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडा, चार मिलिमीटरच्या स्क्रूला अडीचचं. लांबी फळीच्या जाडीपेक्षा आठ-दहा मिलिमीटर कमी. शेवटचे आटे हातानेच फिरवा. पार्टिकल बोर्डात मशीनने जास्तीचा एक फेरा गेला की आतल्या बोर्डाचा चुरा होतो आणि स्क्रू जागेवर फिरत बसतो.

मध्येच लावायचं असेल, म्हणजे ड्रॉवरचे चॅनेल, वायरींची जाळी वगैरे, तर माझ्या मते एकच उपाय शहाणपणाचा आहे. खाली बारा मिलिमीटरच्या प्लायची पट्टी घ्या, पुढच्या चौकटीपासून मागच्या चौकटीपर्यंत पोचेल एवढी लांब. दोन्ही टोकं चौकटीत स्क्रूने धरायची, मधला भाग गोंदाने. आणि मग ड्रॉवर टेबलाला लावायचा नाही, त्या पट्टीला लावायचा. ओढ पट्टीतून चौकटीत जाते, आणि गोंदामुळे थोडी-थोडी करून सगळ्या खालच्या पापुद्र्यात जाते. एक काळजी घ्या. खालच्या बाजूला बहुतेक वेळा गुळगुळीत कागदी किंवा प्लॅस्टिकचा मुलामा असतो, त्याला पांढरा फेविकॉल धरत नाही. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढा भाग घासून खालचा खरबरीत बोर्ड उघडा करा, मग लावा, आणि रात्रभर वजन ठेवून दाबा. सुताराला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. घासणं तेवढं तो टाळतो, तिथे उभं राहून बघा.

नट-बोल्ट आरपार घालायचा असेल तर दोन्ही बाजूंना मोठे वॉशर नुसते पुरत नाहीत. नट आवळत जाल तसे दोन्ही पापुद्रे एकमेकांकडे येतात आणि मधला कागद चेपतो. मग आठवड्याने नट सैल, पुन्हा आवळा, पुन्हा चेपा. म्हणून बोल्टवर फळीच्या जाडीएवढ्या लांबीची लोखंडी नळी घालावी लागते. आवळल्याचा जोर नळी घेते, फळी नाही.

फॉल्स सीलिंगला लावतात ते पंख उघडणारे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आत गेल्यावर पंख फाकतात आणि पापुद्र्याला मागून धरतात. हलक्या, स्थिर वस्तूला चालतील. जे रोज ओढायचं, ढकलायचं, त्याला नकोत.

आणखी एक उपाय विमानवाल्यांचा आहे. विमानात पोळ्याच्या गाभ्याच्या फळ्या सर्रास असतात, आणि त्यांना बोल्ट लावायचा असेल तर त्या जागची घरं रेझिनने भरतात आणि त्यात आट्यांची धातूची पुंगळी बसवतात. घरी करता येतं. खालून दहा मिलिमीटरचं भोक, वरच्या पापुद्र्याला न लागेल असं. बिटावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा. वाकवलेल्या खिळ्याने आत चहूबाजूंनी कागद खरवडून जागा मोठी करा, म्हणजे भरलेला गोळा भोकापेक्षा रुंद होईल आणि ओढल्यावर बाहेर येणार नाही. फळी उलटी ठेवून अराल्डाईटमध्ये बारीक भुसा कालवून भरा. एकदम सगळं भरू नका, जाड थर वाळताना तापतो. दोन-तीन वेळा भरा. चोवीस तास हात लावू नका. मग त्यात बारीक भोक आणि स्क्रू. गोळा वरच्या पापुद्र्यालाही चिकटायला हवा, तरच ओढ दोघांत वाटली जाते. अर्धवट भरलात तर गोळा खालच्याच पापुद्र्याला लोंबकळत राहतो, आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो.

आता दारांचं. आपल्या फ्लॅटमधली आतली बरीच दारंही पोकळ असतात. भारतीय मानकांत भरीव फ्लश दारांसाठी आय.एस. २२०२ आहे, आणि पोकळ दारांसाठी वेगळं, आय.एस. २१९१. मग त्या पोकळ दारांना कुलूप कसं बसतं? कारण बनवतानाच कुलपाच्या जागी लाकडाचा ठोकळा आत घातलेला असतो. दार बनवणाऱ्याला माहीत असतं की इथे कोणीतरी हात घालणार आहे. टेबल बनवणाऱ्याने फक्त पायांचा विचार केलेला असतो. बाथरूमच्या दाराला मध्यभागी टॉवेलची दांडी लावणारे जे उचकटलेली भोकं बघत बसतात, त्यांचं दुखणं हेच. दांडी कडेच्या पट्ट्यांत न्या, नाहीतर भिंतीवर लावा.

पावसाळ्याबद्दल एक वाक्य: पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे दमट हवेला दार आहे, आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की परत बसत नाही, म्हणून वापरातली आणि बिनवापराची सगळी भोकं गोंदाने किंवा मेणाने बंद करा.

इथे एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: "त्या मुलीच्या टेबलाचं पुढे काय केलंत? रुतलेला भाग दुरुस्त होतो का?"

होतो, पण पूर्ववत होत नाही. चेपलेला कागद पुन्हा उभा राहत नाही. आम्ही रुतलेल्या जागी खालून दोन-तीन भोकं पाडून रेझिन आणि भुसा भरला, वरचा खळगा लांबीने भरून घासला. मग मागच्या कडेला वर आणि खाली अठरा मिलिमीटर प्लायचे दोन तुकडे घेतले, प्रत्येकी वीतभर रुंद आणि पुढे पंचवीस सेंटिमीटर जाणारे, आणि आर्म त्या दोघांना धरून आवळला. आर्मची पकड साडेसात सेंटिमीटरपर्यंत उघडते, त्यात दोन तुकडे आणि फळी मिळून सात सेंटिमीटर बसतात. वरच्या तुकड्यावर तिने रोपाची कुंडी ठेवली आहे. मिस्त्रीने तुकडे कापून दिले, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला की साहेब, तरीही प्लायचंच चांगलं.

आणि वडिलांसाठी मी तिला टेबलावर भरवसा ठेवू नको असंच सांगितलं. बसल्याजागी तळहात पसरून मधोमध टेकले तर फळी घेईल. पण उठताना माणूस कडेवर, एका हाताने, तिरका भार देतो, आणि या टेबलाचे पाय प्रत्येकी पाच आखूड स्क्रूंवर उभे असतात. खुर्चीशेजारच्या भिंतीत, विटेत पक्की बसवलेली स्टीलची दांडी त्यांच्यासाठी लावली आहे. तिथे गिट्टी चालते.